बोनयार्डमधली धुणेवाली

होनोराता गाव्लिकचे हात पाहिले की नव्या माणसाला हमखास वाटायचं, हिला वायरी बांधायच्या कामावर कुणी ठेवली? पंजा रुंद, बोटं जाड, मनगट एखाद्या सुताराचं. पण शिकागोतल्या त्या कारखान्यात तिच्याइतकी जुनी बाई दुसरी नव्हती. पिनबॉलची यंत्रं आणि बारमध्ये, बोलिंगच्या अड्ड्यांवर ठेवायचे उभे व्हिडिओ खेळ तिथं तयार व्हायचे. होनोराता खालच्या मजल्यावर लांबलचक टेबलाशी बसायची. समोर खिळे ठोकलेली फळी. खिळ्यांच्या वाटांनी लाल, पिवळ्या, निळ्या वायरी फिरवायच्या, आवळून जुडी बांधायची, जुडी पुढं सरकवायची. हे करता करता ती वायरींना रागे भरायची, आणि तेही पोलिशमध्ये. इंग्रजीत रागावलं तर वायरींना लागत नाही, असं तिचं मत होतं.

ती मूळची पोलंडच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ मुलखातली. नवरा लुडविक तिकडचाच. शहराच्या नैर्ऋत्येला आर्चर रस्त्याच्या अंगानं त्या डोंगरी लोकांची इतकी घरं, की रविवारी चर्चबाहेर उभं राहिलं तर आपण गाव सोडून आलो हे लक्षातही येऊ नये. लुडविक छपरं घालायची कामं करायचा. एकदा पाय घसरून पाठीवर आपटला आणि तेव्हापासून घरी बसला. बसला म्हणजे अगदीच रिकामा नाही. मागच्या अंगणात कबुतरं पाळायची आणि त्यांच्यावरून शेजाऱ्यांशी भांडायचं, हे काम तो मनापासून करायचा.

मुलगी एकच, हालिना. पॅरिशच्या, म्हणजे वस्तीतल्या चर्चच्या शाळेत चौथीला शिकवायची. पस्तिशी उलटलेली, लग्न न केलेली, सरळ रेघेत चालणारी बाई. हालिना लहान असताना होनोराता दुसरी पाळी करायची. मुलगी शाळेतून यायच्या आत ही घराबाहेर, आणि ही परतेपर्यंत मुलगी अंथरुणात. त्यामुळे मायलेकींत माया पुष्कळ होती, पण बोलत बसायची सवय मात्र लागायची राहून गेली होती.

१९९३ साली कारखान्याच्या वरच्या मजल्यावर एक नवा खेळ शिजत होता. नाव ‘बोनयार्ड’, म्हणजे हाडांचं आवार. दोघांनी एकमेकांना रक्तबंबाळ होईपर्यंत मारायचं, असा सरळ मामला. पण यातली माणसं चितारलेली नव्हती. खरी माणसं कॅमेऱ्यापुढं उभी करायची, त्यांनी मारलेला गुद्दा, खाल्लेली लाथ टिपायची, आणि तीच माणसं खेळात उतरवायची. मारामारी संपली की हरलेला झुलत उभा राहायचा, आणि जिंकलेल्यानं त्याला मनाला येईल तसा संपवायचा. मुंडकं उपटा, काळीज काढा. सगळी गंमत तिथं होती, आणि पुढं बोंब उठली तीही तिथूनच.

खेळ करणारी पोरं चार. त्यांचा म्होरक्या डेनी व्होग्ट, काडीसारखा, कॉफी आणि चॉकलेटवर जगणारा. लढवय्ये म्हणून त्यांनी व्यायामशाळेतली एक मुलगी आणली होती, आणि कर्टिस नावाचा कराटेचा मास्तर. हा कर्टिसच तीन रंगांचे तीन मुखवटे घालून तीन योद्धे झाला होता. आता त्यांना एक म्हातारी हवी होती.

जेवणाच्या सुटीत डेनी खाली आला. टेबलाच्या टोकाशी उभं राहून त्यानं घसा खाकरला.

“मिसेस गाव्लिक, एक विचारायचं होतं. आमच्या खेळात चेटकीण लागतेय.”

शेजारी मिलाग्रोस बसली होती. ती पोर्तो रिकोची, होनोराताची मधल्या सुटीतली मैत्रीण. तिनं सँडविच खाली ठेवलं. “बघ, इतक्या वर्षांनी का होईना, कुणाला तरी तुझी खरी ओळख पटली.”

“तू गप गं,” होनोराता म्हणाली, आणि डेनीकडं वळली. “करायचं काय असतं?”

“मारायचं. आणि मग मरायचं.”

“मरायला काय, न शिकवता येईल. मारायचं कुणाला?”

“कर्टिसला.”

हा कर्टिस रोज बिनबाह्यांच्या बनियनमध्ये खालच्या मजल्यावरून जायचा, आणि खिडकीच्या प्रत्येक काचेत स्वतःला बघून घ्यायचा. होनोरातानं पावाचा शेवटचा घास तोंडात टाकला, हात पुसले आणि म्हणाली, “येते.”

वर एका खोलीत राखाडी पडदा ताणला होता, दोन दिवे, तिपाईवर कॅमेरा, जमिनीवर गादी. डेनीनं काळा झगा आणि लांब लांब खोटी नखं काढून ठेवली होती. होनोरातानं एक नख उचलून उजेडात धरलं.

“ही लावून बाई पीठ कशी मळणार?”

“चेटकीण पीठ मळत नाही, मिसेस गाव्लिक.”

“मग खाते काय?”

डेनी डोकं खाजवायला लागला. होनोराता म्हणाली, “हे बघ बाळ, आमच्या गावात लोक चेटकिणीला भ्यायचे नाहीत. भ्यायचे ते ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बायकांना. हातात ओली चादर असली की बाईच्या वाटेला कुत्रंही जायचं नाही.”

चौघांतल्या एकानं सोफ्यावरची चादर ओढून आणली. बादलीत बुचकळली. होनोरातानं बाह्या सारल्या, डोक्याला रुमाल बांधला, चादरीला पीळ दिला आणि हात मागं नेऊन पडद्यावर अशी हाणली, की एक दिवा हलला.

“पुन्हा एकदा,” डेनी म्हणाला, आणि त्यानं कॅमेरा चालू केला.

उरलेला सबंध दिवस असाच गेला. चालून दाखवा, वळून दाखवा, मार चुकवा, मार खा. उडी काही तिला मारता येईना, म्हणून असं ठरलं की ही उडी मारणार नाही, पाय आपटेल आणि जमीन हादरेल. लाथेला मात्र तिनं साफ नकार दिला. “घागरा वर करून पाय उचलायचा? मला नात्यागोत्याची माणसं आहेत.” त्यामुळे अख्ख्या खेळात लाथ न मारणारी ती एकटीच राहिली. कर्टिस आधी हसत होता. दोनतीन फटके बसल्यावर त्यानं खांद्याला उशी बांधून मागितली.

“आता तुम्ही हरलात,” डेनी म्हणाला. “अंगात त्राण नाही, पण खालीही पडत नाही. असं झुला.”

हे तिला शिकवावं लागलं नाही. दुसरी पाळी संपवून बसची वाट बघताना ती कित्येक वर्षं अशीच उभी राहिली होती. मग ती गादीवर कोसळली, आणि कोसळताना तोंडातून आपसूक निघालं, “ओ, मोये नोगी.” अगं आई गं, माझे पाय. डेनीला अर्थ कळला नाही. पण कानाला गोड लागलं म्हणून त्यानं ते खेळात तसंच ठेवलं.

शेवटचं काम उरलं. “तुम्ही जिंकलात. कर्टिस समोर झुलतोय. त्याला कसं संपवाल?”

होनोरातानं कर्टिसला खालून वर न्याहाळलं. गावी लग्नघरातून धुवायला आलेल्या डागाळल्या टेबलक्लॉथकडं ती असंच बघायची.

“पिळीन,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“इकडनं डोकं धरून, तिकडनं पाय धरून पिळीन. पार निथळेपर्यंत. मग झटकीन आणि दोरीवर वाळत घालीन. दोन चिमटे लावून.” तिनं पुन्हा कर्टिसकडं पाहिलं. “तीन लावीन. जड आहे.”

मग एक पोरगा हसत हसत खुर्चीवरून जमिनीवर आला. डेनीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, कर्टिस भिंतीला टेकून हसायला लागला. त्यांचं पाहून होनोरातालाही हसू फुटलं, ते पोट धरून. घरी जाताना बसमध्ये तिला मधेच पुन्हा उकळी आली. समोरच्या बाईनं उठून जागा बदलली.

घरी ती काही बोलली नाही. लुडविकला सांगितलं असतं तर त्यानं अंधार पडायच्या आत सगळ्या आर्चर रस्त्याला सांगितलं असतं. आणि हालिनाला कसं सांगायचं हे तिला सुचेना. नंतर सांगू, म्हणता म्हणता राहिलं.

यंत्र तयार होऊन खाली आलं तेव्हा टेबलावरच्या सगळ्या बायका गोळा झाल्या. होनोरातानं स्वतःचं मुंडकं उडालेलं पहिल्यांदा पाहिलं ते हातात खसखशीच्या केकचा तुकडा धरून.

“कसं वाटतं गं?” मिलाग्रोसनं विचारलं.

“मान सुबक दिसते,” होनोराता म्हणाली. “एवढी आहे का माझी?”

खेळ वाऱ्यासारखा पसरला. धुणेवाली त्यात गंमत म्हणून टाकली होती. सावकाश चालणारी, उडी न मारणारी, कुणीही हरवावी अशी. पण पोरांनी तिलाच डोक्यावर घेतलं. एखाद्याची चारचौघांत शोभा करायची असेल तर धुणेवाली घ्यायची. सुऱ्या-तलवारीनं मेलेला पोरगा परत खेळायला यायचा, पण म्हातारीनं धोपटून, पिळून वाळत घातलेला आठवडाभर तोंड दाखवत नसे.

एका रविवारी हालिना जेवायला आली. कोट काढता काढताच म्हणाली, “आई, माझ्या वर्गातली मुलं एकमेकांना पिळतायत.”

होनोराताच्या हातातला डाव सूपमध्ये तसाच राहिला. “पिळतायत म्हणजे?”

“एक जण डोकं धरतो, एक जण पाय. परवा क्रिस्पिनचा खांदा असा दुखावला, की त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. कुठल्या खेळात आहे म्हणे, एक म्हातारी माणसाला पिळते आणि दोरीवर टांगते. ज्याच्या डोक्यातून हे निघालं, त्याला आईबाप होते की नाही कुणास ठाऊक.”

“होते,” होनोराता म्हणाली. “म्हणजे, असतील.”

लुडविक सूप भुरकत होता. “म्हातारी पिळते? मला बघायला पाहिजे.”

“बाबा, हे हसण्यावारी नेऊ नका.” हालिना आईकडं वळली. “शनिवारी आम्ही बोलिंगच्या अड्ड्यावर जातोय. मुलांच्या आया आहेत, पेलाजियाकाकू आहे. मालकाला सांगणार, ते यंत्र हलव. पेपरातली एक मुलगीही येणार आहे. तूही चल. वयस्क बाई बरोबर असली की माणूस उलट बोलत नाही. आणि तुझ्यासमोर तर कुणाची छातीच होणार नाही.”

बोलायची ती वेळ होती, हे होनोराताला कळत होतं. तिनं सूप ढवळायला घेतलं. तिच्या डोक्यात त्या पोराचा खांदा घोळत होता. कर्टिसच्या खांद्याला उशी होती, खाली गादी होती, पण हे त्या पोरांना कुणी सांगितलं होतं?

शनिवारी ती गेली. मनात वेडी आशा, की पडद्यावर बाई बारकी दिसते, डोक्याला रुमाल आहे, कोण ओळखतंय. अड्ड्यावर लाकडी फळ्यांवरून चेंडू गडगडत होते. कोपऱ्यात ‘बोनयार्ड’चं यंत्र आणि त्याच्याशी दोन पोरं. मालक एड हात पुसत पुढं आला. हालिना त्याला शांतपणे, वर्गात समजवावं तसं समजवायला लागली. पेपरवाली मुलगी टिपून घेत होती. शेजारीण पेलाजिया हातात जपमाळ घेऊन यंत्रासमोर जाऊन उभी राहिली. तिची नजर अधू होती, पण जीभ धडधाकट.

“होनोराता,” ती मोठ्यानं म्हणाली, “या बाईचं नाक तुझ्यासारखं आहे गं.”

“हं.”

“आणि हा रुमाल तू ईस्टरला बांधला होतास.”

सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. होनोराता म्हणाली, “नाक माझंच आहे, पेलाजिया. बाईही मीच आहे.”

हालिना बोलता बोलता थांबली. तिनं आईकडं पाहिलं, मग पडद्याकडं. खेळणाऱ्या पोरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. हिरव्या मुखवट्यातल्या कर्टिसनं धुणेवालीला एक गुद्दा हाणला आणि ती कोसळली. यंत्रातून आवाज आला, “ओ, मोये नोगी.”

हा आवाज हालिनानं लहानपणी रोज ऐकला होता. अंथरुणात पडल्या पडल्या तिला खाली किल्लीचा खटका ऐकू यायचा, मग एक बूट, मग दुसरा बूट, आणि मग हे शब्द. ते ऐकले की आई आली असं समजून ती कुशीवर वळायची आणि झोपी जायची.

पडद्यावर धुणेवाली पुन्हा उठली, पुन्हा हरली, आणि झुलत उभी राहिली. पोराची बोटं बटनांवर गेली.

“नको,” हालिना म्हणाली.

पण पोराचा हात सरावाचा होता. मुंडकं उडालं. हालिनानं कोट उचलला आणि ती बाहेर पडली.

पेपरवाल्या मुलीनं होनोराताचा यंत्राशेजारी उभा फोटो घेतला आणि तो छापूनही आला. मग काय, सगळी वस्ती बोलायला लागली. चर्चबाहेर फादरनी तिला बाजूला घेतलं. “होनोराता, कबुलीजबाबात हे कधी आलं नाही.”

“पाप म्हणून सांगावं की नोकरी म्हणून, हे ठरेना, फादर,” ती म्हणाली.

लुडविकचा राग वेगळाच होता. आपल्याला आधी सांगितलं नाही, याचा. तो पाठीला उशी घेऊन रोज अड्ड्यावर जायला लागला. दर वेळी धुणेवालीच घ्यायचा आणि पोराटोरांकडून हरून यायचा. एडला म्हणायचा, “चाळीस वर्षं हिनं मला चालवलं. आता तिला चालवायची दांडी माझ्या हातात आली, तरी हरतोय तो मीच.”

हालिना मात्र रविवारची येईनाशी झाली. फोन केला की म्हणायची, वह्या तपासायच्या आहेत. होनोराता टेबलाशी बसून वायरींना रागे भरेना, की मिलाग्रोसच्या थट्टेला उत्तर देईना. मिलाग्रोस म्हणाली, “जा ना मुलीकडं.” होनोराता म्हणाली, “गेले तर बोलावं लागेल.”

शेवटी हालिनाच एका संध्याकाळी आली. स्वयंपाकघराच्या दारात कोट न काढता उभी राहिली. होनोराता बटाटे सोलत होती.

“तू मला सांगितलं का नाहीस?”

“तू रागावली असतीस.”

“रागावलेच असते.”

“तेच म्हणते मी.”

होनोरातानं पुढचा बटाटा घेतला. मग हालिना म्हणाली, “पण केलंस कशाला, आई?”

“त्यांनी विचारलं म्हणून.” होनोरातानं मान वर केली नाही. “त्या इमारतीत मला आजवर एकच गोष्ट विचारली जायची, जादा पाळीला थांबतेस का. या पोरांनी विचारलं, तुम्ही कसं माराल. मी सांगितलं तर ती लोटपोट झाली. मलाही हसू आवरेना. त्या दिवशी पाय दुखले नाहीत बघ माझे.”

हालिना खुर्ची ओढून बसली. “वर्गात सगळ्यांना कळलंय. परवा एक मुलगा विचारतो, मिस, गृहपाठ नाही केला तर तुम्ही तुमच्या आईला बोलावणार का?” बोलताना तिचे ओठ असे हलले, की ती रडणार की हसणार हे होनोराताला कळेना.

“मग बोलाव,” ती म्हणाली.

“काय?”

“मला बोलाव. पिळणं माझ्या डोक्यातनं निघालं. निस्तरायला मीच यायला हवी.”

शाळेच्या मोठ्या बाईंची परवानगी काढायला हालिनाला बरीच रदबदली करावी लागली. होनोराता गेली ती कारखान्याचा एप्रन बांधून, पत्र्याची घमेली आणि जुनी चादर घेऊन. व्यायामाच्या खोलीतली गादी वर्गात आणून ठेवली होती. पुढच्या बाकावरची मुलं श्वासही जपून घेत होती.

“क्रिस्पिन कोण?” तिनं विचारलं.

एक किडकिडीत मुलगा उभा राहिला. तिनं त्याला जवळ बोलावलं आणि खांद्यावर हात ठेवला. “दुखतो का?”

“आता नाही.”

“वर करून दाखव. हं.” मग ती वर्गाकडं वळली. “मी ज्या माणसाला मारलं त्याचं नाव कर्टिस. त्याच्या खांद्याला उशी होती आणि खाली ही अशी गादी. मारून झाल्यावर आम्ही दोघं बसून केक खाल्ला. त्यानं माझ्यापेक्षा जास्त खाल्ला. पिळलं बिळलं काही नाही, ते संगणकावर चित्रं जोडून केलं. माणूस पिळता येत नाही. त्याचा खांदा निखळतो. पिळायची ती चादर. कोण येतं?”

आधी कुणी हललं नाही. मग एक मुलगी आली, मग सगळीच. दोघंदोघं आळीपाळीनं समोरासमोर उभी राहून ओली चादर पिळायला लागली. पाणी बुटांत गेलं, बाकांखाली गेलं. थोड्याच वेळात हात भरून आले. “एवढी जड?” एक मुलगा म्हणाला. “आठवड्याचं धुणं म्हणजे अशा वीस,” होनोराता म्हणाली, “आणि पाणी बर्फाचं.”

“पण तुम्ही मेला होतात ना?” त्या पहिल्या मुलीनं विचारलं.

“रोज मरते, बाळ. सगळ्या शहरात मरते. आणि संध्याकाळी घरी जाऊन स्वयंपाक करते.”

मग काय, पडून दाखवा म्हणून मुलं मागंच लागली. होनोरातानं हालिनाकडं पाहिलं. हालिना टेबलामागं सरकली. होनोराता गादीसमोर उभी राहिली, झुलली, आणि धाडकन अशी आडवी झाली, की फळ्यावरचा खडू खाली पडला. ती हलेना. हालिना टेबलाला वळसा घालून धावली, गुडघ्यांवर बसली. “आई. आई गं.”

होनोरातानं एक डोळा उघडला. “उठव मला. इतकं जोरात पडणं खेळात नव्हतं.”

अर्ध्या वर्गानं मिळून तिला उठवली. हालिना मुलांच्या बुटक्या बाकावर बसली आणि तोंडावर हात घेऊन हसायला लागली. आपल्या मिसला इतकं हसताना मुलांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांना ते धुणेवालीपेक्षाही नवलाचं वाटलं.

म्हणून हालिनाचं मत बदललं असं नाही. तो खेळ घाणेरडा आहे आणि पोरांच्या हाती लागू नये, हे ती पुढंही सांगत राहिली. होनोराताही ‘खरं आहे तुझं’ म्हणत राहिली आणि त्याच यंत्राच्या वायरी बांधत राहिली. वर्गात हालिनानं नियम केला. जो दुसऱ्याला पिळताना सापडेल, त्यानं वर्गातले पडदे धुवायचे. पडदे एकदाच धुतले गेले. एडनं यंत्र मागच्या बारमध्ये हलवलं, जिथं लहान मुलांना मज्जाव होता. हे आपल्या जपामुळं झालं, असं पेलाजिया आजही सांगते.

त्या हिवाळ्यात एका दुपारी मायलेकी लुडविकला न्यायला अड्ड्यावर गेल्या. तो मागच्या बारमध्ये एडला कबुतरांचं काही सांगत होता. यंत्र मोकळं होतं. हालिना त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“कसं खेळतात?” तिनं विचारलं.

“मला तरी कुठं येतं?” होनोराता म्हणाली. “मी नुसती आत असते.”

तरी दोघींनी हातमोजे काढले. होनोरातानं स्वतःला घेतलं, हालिनानं हिरवा मुखवटा. होनोराता कुठलं बटन कशाचं हे आठवत बसली. तेवढ्यात हालिनानं दोन्ही मुठींनी सगळीच बटनं बडवायला सुरुवात केली. शाळेत कधी न चिडणारी बाई, दात आवळून बडवत होती. बघता बघता धुणेवाली हरली आणि झुलायला लागली.

लुडविक येऊन मागं उभा राहिला. “संपव तिला. अशी संधी मला उभ्या जन्मात मिळाली नाही.”

“मला येत नाही ते,” हालिना म्हणाली.

“दांडी दोनदा खाली, एकदा पुढं, आणि ते लाल बटन,” होनोराता म्हणाली. “मिलाग्रोसनं दाखवलंय मला.”

“तू सांगतेस होय मला?”

“काम अर्धवट टाकू नये.”

हालिनानं दांडी धरली. धरूनच उभी राहिली. पडद्यावर धुणेवाली झुलत होती. हालिनाचा हात काही हलला नाही. वेळ संपला, तशी धुणेवाली आपली आपणच खाली बसली आणि आडवी झाली.

“हरलीस तू, आई.”

“हरले,” होनोराता म्हणाली. तिनं रुमाल सारखा केला आणि यंत्राला आणखी खेटून उभी राहिली. “आता मी हिरवा घेते. तू मला घे.”

लुडविकनं कोट चढवला, टोपी घातली. थोड्या वेळानं टोपी काढली. मग कोटही काढून बाकावर ठेवला आणि एडला म्हणाला, “या दोघींचं आटपेपर्यंत एक बिअर दे बाबा.”